बाबांची चाल

सुराबायाच्या जुन्या बाजारातून आणलेला रेकॉर्ड प्लेअर मी स्वतः बसवला. पाया समतल केला, पट्टा बदलला, सुईचा भार नीट लावला. बाबा खुर्चीतून नाक मुरडत होते.

"आपला आधीचा काय वाईट होता? थेट जपानचा होता."

"तिथेच तर घोळ आहे. तो तिकडच्या विजेसाठी बनवलेला, आपल्याकडे हळू फिरायचा. तीस वर्षं तुम्ही गाणी रेंगाळत ऐकलीत."

"मला शिकवू नकोस."

मी त्यांची लाडकी रेकॉर्ड लावली, क्रोंचोंगची, म्हणजे आमच्याकडच्या जुन्या संथ गाण्यांची. गायिकेचा एरवीचा घोगरा आवाज आज लख्ख आणि उंच निघाला, गाणंही झपझप चाललं. बाबा खुर्चीत पुढे सरकले. हेच गाणं ते प्रत्येक लग्नात गातात, आणि सूर चढवला, घाई केली म्हणून वाजवणाऱ्यांना झापतात. त्यापायी व्हायोलिनवाले सुहार्जोकाका पाच वर्षं त्यांच्याशी बोललेले नाहीत.

गाणं संपताच बाबांनी काळी टोपी चढवली.

"कुठे निघालात?"

"सुहार्जोला घेऊन येतो."

"माफी मागणार?"

"माफी कसली? ही बाईसुद्धा त्याच्यासारखीच घाई करते, एवढं त्याला ऐकवायचंय."