वाणासाठी एक दाढ

हळदीकुंकवाला आलेली बाई सोफ्यावर बसून काय बोलते, यावर उर्मिला कधी जात नसे. वाण हातात पडल्यावर ती काय करते, तिकडे तिचं लक्ष. 'अय्या, किती गोड' म्हणणारी बाई घरी गेल्यावर ते कपाटाच्या वरच्या फळीवर टाकते. काही न बोलता वस्तू उलटी करून बूड बघणारी बाई ती वापरते. सिंगापूरच्या मरीन परेडमधल्या त्यांच्या मराठी कंपूत कुणी कोणत्या वर्षी काय लुटलं, ते आज कुणाच्या घरी कुठे आहे आणि कोणतं वाण पुढच्या संक्रांतीला निर्लज्जपणे भलत्याच घरातून परत आलं, हा सगळा जमाखर्च तिला तोंडपाठ होता. नोकरीही पाया लेबारच्या एका ऑफिसात ऑडिटचीच होती, पण तिथली खाती यापेक्षा सोपी.

या जमाखर्चात तिची स्वतःची बाजू मात्र लंगडी होती. गेल्या वर्षी तिने वेफरच्या उघड्या पाकिटांना लावायचे चिमटे लुटले. रंगीत, दणकट, कामाचे. पुढे सहज सुचित्राकडे गेली, तर बाल्कनीत दोरीवर फरशी पुसायचं फडकं वाळत होतं आणि त्याला उर्मिलाचा हिरवा चिमटा. हळदीकुंकवाचं वाण, फरशीच्या फडक्याला. उर्मिला त्या दिवशी चहा अर्धा टाकून उठली.

त्याच सुचित्राने त्याच वर्षी हार्बरफ्रंटच्या धक्क्यावरून फेरीबोट पकडून इंडोनेशियातल्या बाटामहून बांबूच्या झाकणांच्या बरण्या आणल्या होत्या. त्या बरण्यांनी उर्मिलाचं वर्ष नासवलं. स्मिताकडे जा, चैत्रालीकडे जा, स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की ओट्यावर सुचित्राची बरणी, पोटभर साखर घेऊन बसलेली. कहर म्हणजे उर्मिलाच्या स्वतःच्या ओट्यावरही तीच होती, कारण बरणी होतीच चांगली.

यंदा शनिवारी उर्मिलाचं हळदीकुंकू आणि रविवारी सुचित्राचं. एका दिवसाचं अंतर, म्हणजे तुलना होणारच.

"मुस्तफात जा ना, एका दुकानात सगळं मिळतं, एका फेरीत काम होईल," विनायक म्हणाला.

"मुस्तफात सगळ्याच जातात."

"मग सगळ्या काय वेड्या आहेत?"

"नाहीत. म्हणून तर."

विनायकने लॅपटॉपमध्ये मान घातली. बायकोचं म्हणणं कळलं नाही की मान घालायला त्याला तीच एक जागा होती.

उर्मिलाचं ठरलं होतं. दिवाळीत ते घरचे सगळे एका दिवसासाठी जोहोर बारूला गेले होते. समुद्रावरचा बांध ओलांडला की मलेशिया. सिंगापूरचा माणूस तिकडे केस कापायला जातो, किराणा भरायला जातो, नुसता जेवायलाही जातो आणि परत येताना रांगेत उभा राहून 'पुन्हा म्हणून येणार नाही' असं दर वेळी म्हणतो. तिथल्या जुन्या बाजारात एका म्हाताऱ्या चिनी आंटीचं भांड्यांचं दुकान उर्मिलाला सापडलं होतं. एनॅमलचे पांढरेशुभ्र मग, निळी किनार आणि त्यावर लालभडक जास्वंद. तिने तेव्हा एकच आणला. त्यातून चहा प्यायला की सकाळ बरी जायची. असं वाण कुणी वरच्या फळीवर टाकलंच, तर टाकणारीचं काहीतरी बिनसलं असलं पाहिजे.

तिने आंटीला फोन करून दुकानातले सगळे जास्वंदीचे मग बाजूला ठेवायला सांगितले आणि बुधवारची रजा टाकली. त्या सकाळी ग्रुपवर सुचित्राचा मेसेज आला: "लंचला कोण कोण?" उर्मिलाने क्रांजीहून सुटणाऱ्या बसच्या रांगेतूनच लिहिलं, "नाही गं, ऑफिसात गळ्यापर्यंत काम." लगेच सुचित्राचं उत्तर: "माझीही आत्ता मीटिंग लागली." बरं झालं, उर्मिलाला वाटलं. मीटिंगमध्ये बसलेल्या माणसाला वाण सुचत नाही.

वुडलंड्सला उतरून पासपोर्टची रांग, पुन्हा बस, बांधावरून पलीकडे, तिथे पुन्हा उतरून पासपोर्टची रांग. ती जुन्या बाजारात पोचली तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. आंटीच्या दुकानाच्या काचेला नाक लावून एक बाई उभी होती. कुर्ता ओळखीचा होता. पाठही. काचेत उर्मिलाचं प्रतिबिंब पडलं आणि ती पाठ ताठ झाली.

"अगं, तू?" दोघी एकदमच म्हणाल्या.

"तुझं ना गळ्यापर्यंत काम होतं?" सुचित्राने विचारलं.

"आणि तुझी मीटिंग?"

उर्मिलाची नजर आधारासाठी वर गेली. दुकानाच्या वरच्या मजल्यावर दातांच्या दवाखान्याची पाटी होती. पाटीवर एक भलामोठा दात हात पसरून हसत होता. तिने गालावर तळवा ठेवला.

"दाढ. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. ग्रुपवर कशाला सांगायचं, सगळ्या काळजी करत बसतात. इथली डॉक्टर चांगली आहे म्हणतात."

सुचित्रानेही मान वर करून हसणारा दात नीट वाचून घेतला.

"काय योगायोग बघ. मी पण तिकडेच निघाले होते, दात साफ करून घ्यायला."

आता जी जिन्याकडे पाठ करेल, ती खोटी. दोघी एकमेकींना 'तू हो पुढे' करत जिना चढल्या.

"अपॉइंटमेंट आहे?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"नाही," दोघी फार आशेने म्हणाल्या.

"कॅन, कॅन. आज कुणीच नाही. खुर्च्याही दोन आहेत."

दवाखाना एका तमिळ नवराबायकोचा होता. सुचित्रा नवऱ्याच्या खुर्चीत गेली, उर्मिला बायकोच्या. डॉक्टरीणबाईंनी कोणती दाढ म्हणून विचारलं. उर्मिलाने अंदाजाने बोट दाखवलं. बाईंनी आरसा आत घातला, टकटक केलं, आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"आलात ते बरं केलंत. तुम्ही दाखवताय ती नाही, तिच्या शेजारची. चांगली कीड लागली आहे. आजच भरून टाकू."

लोकांचं खोटं पकडण्याचा पगार घेणारी उर्मिला अशी स्वतःच्या खोट्यात खरी सापडली. इंजेक्शन बसलं, अर्धा गाल दुसऱ्याचा झाला, तोंडात कापूस आला. आणि तेवढ्यात पडद्यापलीकडचं मशीन थांबलं.

"उर्मिला, माझं झालं गं," सुचित्राचा आवाज आला, स्वच्छ आणि मोकळा. "मी खाली थांबते. तू अगदी सावकाश कर."

"आँ," उर्मिला म्हणाली.

"दुखतंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

उर्मिलाने जोरात नकारार्थी मान हलवली.

"मग हलू नका."

तोंड वासून छताकडे बघत ती पडून राहिली. खाली सुचित्रा काय करत असेल हे तिला छतावर लख्ख दिसत होतं. आंटीच्या कानाला ऐकायला कमी येतं. आंटीला कुर्त्यातली एक बाई ती दुसरीसारखीच. एकदा ते मग गेले की रविवारी सुचित्रा ते लुटणार, आणि शनिवारी उर्मिला काय लुटणार, चिमटे?

दाढ भरून झाली तशी पैसे देऊन ती जिन्यावरून जवळजवळ घरंगळत खाली आली.

आंटीच्या काउंटरवर एक खोकं उघडं होतं आणि सुचित्राचा हात त्यातल्या मगावर होता. आंटीचा हात सुचित्राच्या हातावर होता.

"दिलेले आहेत," आंटी म्हणत होती. "फोन आला होता. सिंगापूरची बाई, उमिला."

सुचित्रा वळली. दारात उर्मिला उभी. एक गाल जागेवर, दुसरा रजेवर. 'ते माझे आहेत' असं म्हणायला तिने तोंड उघडलं, तर नुसती हवा आणि थोडी लाळ बाहेर आली. तिने घाईघाईने रुमाल लावला.

सुचित्रा आधी ओठ दाबून हसली, मग आंटीच्या स्टुलावर बसून हसली.

"म्हणजे दाढ खोटी होती?"

उर्मिलाने नाही म्हणून मान हलवली. तोंड उघडून तिने भरलेली दाढ दाखवली.

"अरे देवा. खरीच निघाली? आणि मी? मागच्याच महिन्यात दात साफ केले होते गं. आता सगळे उसने आणल्यासारखे वाटतायत."

उर्मिलाने आधी मगाकडे बोट केलं, नंतर सुचित्राकडे, आणि भुवया वर केल्या: तुला कसं कळलं?

"दिवाळीत तू मला यातूनच चहा दिलास. तू दूध आणायला आत गेलीस तेव्हा मी उलटा करून बघितला. बुडाला या दुकानाची चिठ्ठी होती." सुचित्राने मगाच्या किनारीवरून बोट फिरवलं. "मला वाटलं, तू तर काय, यंदा काहीतरी भारी शोधलं असशील. हाच मग लुटायचं तुला सुचणार नाही."

उलटा करून बघितला. उर्मिलाच्या हिशेबात याहून मोठी पावती नव्हती, आणि ती दिली कुणी तर सुचित्राने. राग यायला हवा होता, तो अर्ध्या रस्त्यात विरघळला. तरी ते मग सोडवेनात. तिने खोकं हळूच आपल्याकडे ओढलं.

"घे बाई, तुझेच आहेत. मी मुस्तफात जाईन," सुचित्रा म्हणाली. म्हणाली हसूनच, पण हात मगावरून सावकाश निघाला.

आंटीने हे सगळं पाहिलं. दोन बायका आणि एक खोकं हा प्रकार तिच्या दुकानात काही नवा नसावा. ती वाकली आणि काउंटरखालून दुसरं खोकं काढलं. त्यात बशा. पांढऱ्या, निळ्या किनारीच्या, मधोमध तीच जास्वंद.

"मगाची जोडी," ती म्हणाली. "कुणी विचारतच नाही."

सुचित्राने एक बशी उचलून उलटी केली. बूड बघितलं. मग तिने उर्मिलाकडे बघितलं.

"शनिवारी मग, रविवारी बशी. चालेल तुला?"

उर्मिला क्षणभर गप्प होती, म्हणजे होतीच, पण या वेळी आतूनही. बशी खाली, मग वर. तिने मान डोलावली.

परतीच्या वाटेवर दोघींच्या पिशव्या पावलागणिक खणखणत होत्या. बसच्या रांगेत, पासपोर्टच्या रांगेत, सगळीकडे लोक वळून बघत होते. वुडलंड्सला सुचित्रा आधी सुटली आणि समोरची बस सोडून उर्मिलासाठी थांबली. एरवी अशा प्रवासात बोलायचं काम उर्मिलाकडे असे; आज तोंडच बंद होतं, म्हणून सुचित्रा बोलली. सासूबाईंचं, ऑफिसचं, लेकाच्या, अथर्वच्या, तमाम हरवलेल्या पाण्याच्या बाटल्यांचं.

"आणि ऐक, तुझा तो चिमटा," ती म्हणाली.

उर्मिलाची मान ताठ झाली.

"आमचा फ्लॅट समुद्राकडे. या दिवसांत असला वारा असतो की विचारू नकोस. फडकं दोनदा खालच्यांच्या बाल्कनीत गेलं. खालच्या आंटीने ते घडी घालून आणून दिलं, मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. साधे चिमटे सगळे तुटले. तुझा लावला तेव्हापासून फडकं जागचं हललेलं नाही. आणखी चारपाच मागणार होते तुझ्याकडे, पण वाण मागायचं कसं? त्या दिवशी विषय काढणार होते, तर तू चहा टाकून उठलीस. मला वाटलं, चहात साखर जास्त झाली."

उर्मिलाने खिडकीबाहेर बघितलं. वर्षभर खर्चाच्या बाजूला मांडलेली एक रक्कम आपली आपण उठून जमेकडे चालली होती. तिला खूप बोलायचं होतं. तोंडाचा जो अर्धा भाग ताब्यात होता, त्याने ती हसली.

"ममी, युअर माउथ सो क्रूकेड, लाह," दार उघडताच ऋग्वेदा म्हणाली.

विनायकने पिशव्या बघितल्या, गाल बघितला, सगळी हकिगत बायकोने कागदावर लिहून दिली ती वाचली. "मुस्तफात दाढ किडकी निघाली नसती," एवढंच तो म्हणाला.

शनिवारी उर्मिलाने मग लुटले. सुचित्रा सगळ्यांच्या आधी आली आणि आयुष्यात पहिल्यांदा बघत असल्यासारखं "अय्या, किती गोड" म्हणाली. उर्मिलाला हसू आवरायला आत जावं लागलं. स्मिताने मग उलटा केला. मग चैत्रालीने केला. मग अवनीने.

रविवारी सुचित्राकडे बशा निघाल्या तेव्हा हॉलमध्ये एकच गिल्ला झाला.

"हे तुम्ही दोघींनी मिळून ठरवलं होतं? कधीपासून?" स्मिताने विचारलं.

"दिवाळीपासून," उर्मिला म्हणाली.

"हिची दाढही तेव्हापासूनच दुखत होती," सुचित्रा म्हणाली.

सगळ्या पांगल्यावर उर्मिला मागे राहिली. बाल्कनीत वारा घोंगावत होता आणि हिरव्या चिमट्यात फडकं झेंड्यासारखं फडफडत होतं, जागचं न हलता. तिने पर्समधून उरलेल्या चिमट्यांचं पाकीट काढलं आणि तिळगुळासारखं सुचित्राच्या हातावर ठेवलं. सुचित्राने त्यातला एक उलटा करून बघितला.

मग तिने चहा आणला. जास्वंदीची बशी आणि तिच्यावर बरोब्बर मधोमध जास्वंदीचा मग. उर्मिला त्याच्याकडे बघत राहिली.

"काय गं," सुचित्रा म्हणाली, "तुझा वर आणि माझी खाली, हेच ना?"

"मी काही बोलले का?"

"नाही बोललीस. तू गप्प असतेस तेव्हाच तुझा हिशेब चालू असतो, हे मला बुधवारी कळलं."

उर्मिलाने मग उचलला, थोडा चहा बशीत ओतला, आणि पहिला भुरका बशीतूनच घेतला.