लोंबीची सुट्टी

संध्याकाळी धार काढायची जी वेळ, नेमका तेव्हाच नाटकाचा पडदा उघडणार होता, आणि त्या नाटकात धाकटी बहीण पहिल्यांदाच रंगमंचावर येणार होती. थोरलीला ते बघायचंच होतं. पण लग्न झाल्यापासून तिची एकही संध्याकाळ गोठ्याबाहेर गेली नव्हती, आणि गाईंना सुट्टी नसते हे नवऱ्याचं ठरलेलं उत्तर होतं.

गाई दोनच. महाराणी नवऱ्याची लाडकी, तिची भलीमोठी कास तो येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवायचा. दुसरीची कास धार काढली की रिकाम्या पिशवीसारखी लोंबायची, म्हणून त्यानंच तिचं नाव लोंबी ठेवलं होतं.

गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी थोरलीला एकदा समजावलं होतं, की दूध कासेत वर तयार होतं आणि खालच्या पोकळीत उतरून साठतं. पोकळी मोठी असेल तर एखादी धार चुकली तरी बिघडत नाही. लहान असेल तर दूध वरच तुंबतं आणि गाय नवं दूध करायचंच थांबवते. हे ऐकून नवरा खूश झाला. मग तर महाराणीची पोकळीच मोठी, तीच जिंकणार, म्हणाला. झालं, पैज लागली. एक संध्याकाळ दोघींची धार चुकवायची. सकाळी जी दोन्ही वेळचं दूध देईल तिला नाटकाच्या दिवशी सुट्टी, आणि हरेल तिची धार नवऱ्यानं काढायची. दोघी हरल्या तर मात्र नाटक रद्द, कारण दोन गाई त्याला एकट्याला झेपणाऱ्या नव्हत्या.

सकाळी महाराणीनं हंबरून घर डोक्यावर घेतलं. दूध मात्र रोजच्यापेक्षा जेमतेम जास्त निघालं, आणि धार संपली तरी कास होती तेवढीच. आत सगळं मांसच! नवरा ती चाचपत बसला, त्याचं तोंड एवढंसं झालं.

लोंबी निवांत रवंथ करत होती. बादली भरली, फेस काठावरून थोरलीच्या पायांवर आला. दुसरी बादली आणायला तिनं नवऱ्यालाच पळवलं, आणि हसता हसता तिला मूठ आवळता येईना.

नाटकाला ती एकटीच जाऊन बसली. शेजारची खुर्ची तिनं पदर टाकून धरून ठेवली होती. धारेची वेळ झाली तशी मांडीवर तिची बोटं आपोआप हलू लागली. तेवढ्यात फौजदार झालेली बहीण आली आणि दुसऱ्याच वाक्याला तिची मिशी गळून पडली. थोरली जी हसत सुटली, ती थांबेचना. त्याच गोंधळात नवरा येऊन शेजारी टेकला. केसांत गवताची काडी, बाही दुधानं भिजलेली. महाराणीची धार त्यानं लाथ खाऊन, पण वेळेआधीच उरकली होती.

"अगं, हळू. लोक बघतायत."

तिचं हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो तिच्याकडे बघतच राहिला. इतकं हसताना त्यानं तिला कधी पाहिलंच नव्हतं.

"एवढी वर्षं हे कुठं साठवलं होतंस?" त्यानं हळूच विचारलं.

तिनं डोळे पुसले.

"अहो, आत्ता कुठं एक बादली भरलीय. दुसरी आणा."