खंडेनवमीचं इंजन

केसांच्या आकड्याच्या टोकाला तांदळाचा दाणा चिकटून आला – अर्धा लाल, अर्धा तेलाने काळा – दुर्गेने तो उजेडाकडे धरला आणि तिला इतकं बरं वाटलं की स्वतःचीच लाज वाटली. सापडला! एवढासा दाणा, आणि ह्याच्यापायी दिवाळीपासून घास गोड लागला नव्हता.

ओसरीवर जुनं धोतर पसरलं होतं आणि त्यावर विमानाचं इंजन. खेळण्यातल्या विमानाचं, मुठीत मावेल एवढं. पण खरंखुरं, पेट्रोलवर चालणारं. तिचा नवरा भुजंग सिकंदराबादेकडे विमानतळावर मेकॅनिक होता, आणि लढाई संपल्यावर विलायतेला परतणाऱ्या कुणा साहेबाने त्याला ते दिलं होतं. चैत्रात त्याने स्वतःच ते फडक्यात बांधून तिच्या ट्रंकेत ठेवलं. "चालू इंजन हाय, जपून ठेव. कॉटर भेटलं की तुला अन् ह्याला संगंच नेतो." संगंच नेतो... रात्री कूस बदलताना तिने ते किती वेळा मनात म्हटलं असेल.

आणि जपायचं म्हणजे आणखी काय करायचं? खंडेनवमीला घरातली विळी पुजली, कुदळ पुजली, शिलाईची मशीन पुजली. मग ज्याच्यावर त्याचं पोट, ते यंत्र तेवढं पारोसं ठेवायचं? तिने ते ओल्या फडक्याने पुसलं, हळदकुंकू वाहिलं, अक्षता तर जरा सढळ हातानेच. धूर बाहेर पडायला त्याला भोक असतं हे मला कुठं ठाऊक! माझ्या मनात एवढंच, की त्यांचा हात कधी यंत्रात सापडू नये...

दिवाळीला भुजंग आला, पाहुण्यांना दाखवायला इंजन बाहेर काढलं आणि पंखा फिरवायला गेला – पंखा हलेना. बोटाला कुंकू लागलं. ते बोट त्याने सगळ्यांसमोर उंच धरलं. "पूजा करून मारलं हिनं! हिला यंत्र सांभाळता येईना, घर काय सांभाळती?" सगळे हसले. क्वार्टर मिळालं होतं, पण तिला न्यायचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. इंजन ट्रंकेत गेलं ते आजच तिने बाहेर काढलं. आज संध्याकाळच्या गाडीने तो येणार होता.

"निघला का गं तांदूळ?" आतून ज्वारी पाखडता पाखडता सासूने, झुंबरबाईंनी विचारलं.

"निघाला, आत्याबाई."

"मंग झालं तर! गाडी यायच्या आत पंखा फिराया पायजे. मंग बोलते मी त्याच्याशी. न्हाई कसा नेत? बराबर नेईल."

पंखा अजून अडतच होता. म्हणजे आणखी दाणे असतील, खाली उतरलेले. रॉकेलने हात चुरचुरत होते, तरी तिने पेचकस घेतला आणि मागच्या झाकणाचे स्क्रू सोडवायला बसली. काढलं त्याच क्रमाने मांडायचं, लावताना उलटं यायचं – हे त्यानेच शिकवलेलं, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, शिलाईची मशीन दोघांनी मिळून उघडली तेव्हा. त्या दुपारी तो तिच्याशी जितकं बोलला तितकं पुढे कधी बोलला नाही...

झाकण निघालं. आत तांदूळ नव्हता. कुंकू इथवर पोचलंच नव्हतं.

पंख्याच्या दांड्याला पिस्टन जोडणारी बारीक काडी मधोमध मोडली होती, आणि मोडल्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली होती, नीट, वेढ्याला वेढा लावून. तारेचं टोक वर येऊन अडकलं होतं. पंखा त्यानेच अडत होता. वर जुनं तेल वाळून काळं घट्ट झालेलं. तारेची ही गाठ तिच्या ओळखीची होती. घरातल्या कंदिलाच्या कडीला, बादलीच्या कानाला, सगळीकडे हीच गाठ – भुजंगची.

पण दिवाळीनंतर त्याने इंजनाला हात लावलाच नव्हता, आणि चैत्रापासून दिवाळीपर्यंत ते तिच्याच ट्रंकेत होतं. मग तार बांधली कधी? – चैत्राआधी. फडक्यात बांधून देण्याआधी. म्हणजे देतानाच ते बंद होतं... आणि ते त्याला ठाऊक होतं... आणि ठाऊक असून त्याने कुंकवाचं बोट सगळ्यांना दाखवलं.

आधी राग आला. पण तो टिकेना. कारण चूक माझी होती तोवर सगळं माझ्या हातात होतं – दाणे काढायचे, पंखा फिरवायचा, आणि सिकंदराबादची गाडी. आता काय काढायचं? तांदूळ नाही, तर मग मला न्यायला काय नडलं त्याला? माझं बोलणं? माझं गावंढळपण? की तिथं दुसरं कुणी... तिने मन मागे ओढलं, आणि ते पुन्हा तिथेच जाऊन उभं राहिलं.

"दुर्गे, फिरतो का गं पंखा?"

ही काडी त्याच्यासमोर धरली तर तो काय म्हणेल? ओरडला, हात उगारला, तर ठीक; ते सोसता येईल. पण न ओरडता तो समोर बसला आणि शांतपणे खरं सांगायला लागला, तर...? इतके महिने त्याच्या रागाला भ्यायलेली दुर्गा आता तो रागावणारच नाही, या भीतीने पेचकस घट्ट धरून बसून राहिली.