भाटवाडीचा पांढरा ठिपका

मित्रांनो, मी एक जुना डिझेल जनरेटर आहे. माझ्या छातीवर एक छोटी काच आहे आणि काचेमागे तास मोजणारं मीटर आहे. मी किती तास चाललो ते तिथे उमटतं. माणसं आपल्या कामाचे तास वाढवून सांगतात, मला ती सोय नाही. तेव्हा मी सांगेन ते मीटरशी ताडून बघा. तुमच्या जागी मी असतो तर नक्की बघितलं असतं.

माझी जुळणी १९९८ साली झाली. पहिली काही वर्षं मी एका मंडपवाल्याकडे होतो. मसुऱ्याला आंगणेवाडीची जत्रा भरली की दुकानांच्या रांगेवर सहा मोठे दिवे लागायचे, ते माझ्या जिवावर. लोक दिव्यांकडे बघून खूश व्हायचे. मी मागे धूर सोडत उभा, माझ्याकडे बघून ते नाक मुरडायचे. तेव्हाच मला संशय आला की माणसाला उजेड दिसतो, पण तो कुठून येतो हे विचारायचं सुचत नाही.

२००४ साली जितेंद्रने मला त्या सहा दिव्यांसकट भाटवाडीला आणलं. खाडीच्या तोंडाशी त्याचं मासळीचं शीतगृह आहे. जितेंद्र माणूस कष्टाळू, पण संशयी. सकाळी उठला की देवाआधी डिझेलच्या पिंपात काठी बुडवून बघायचा. काठीवरची ओल रोजच्याएवढी भरली तरी त्याला वाटायचं, कोणीतरी पाणी ओतून बरोबर केली असेल.

२००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं. विजेचे खांब आडवे झाले. समुद्र वाडीत शिरला आणि किनाऱ्याजवळच्या सगळ्या विहिरी खाऱ्या झाल्या. गोडं पाणी उरलं ते डोंगराजवळच्या बोअरवेलचं, आणि तिथला पंप विजेवर चालणारा. तिथपर्यंत माझी वायर पोचत नव्हती. सुभद्राकाकी मासळी विकणारी बाई. तिची सून अक्षदा बारा दिवसांची बाळंतीण. तिच्यासाठी काकी रोज तासभर चालून पलीकडच्या गावातून दोन कळशा आणायची. तिसऱ्या दिवसापासून तिचे गुडघे सुजले.

शीतगृहात मासळी होती, म्हणून मी रात्रंदिवस चालू होतो. वादळानंतर डिझेल कुठे मिळेना, तसा जितेंद्रचा संशय दुप्पट झाला. चोर येईल म्हणून त्याने सहाही दिवे अंगणात टांगले आणि संध्याकाळपासून उजाडेपर्यंत जळत ठेवले. वाडी काळोखात आणि आमचं अंगण जत्रेसारखं लख्ख.

दहाव्या दिवशी काकी वीज कचेरीत गेली. परत आली ती तडक माझ्या अंगणातच, रागाने लाल होऊन.

"काय झाला गो काकी?" जितेंद्रने विचारलं.

"सायब म्हणता, तुमच्या वाडीत लाइट आसा. माका म्हणता, बाई, तुम्ही खोटं बोलताय."

"मगे तू काय म्हटलंस?"

"आमच्या बावडेचा पाणी बाटलीत भरून नेललंय. म्हटलंय, ह्या पिया. घोटभर घेतल्यान आणि थुकल्यान. मगे म्हणता, खारं पाणी कुठूनही भरून आणता येतं."

साहेबांवर मी फार रागावलो नाही. आपला नंबर आधी लागावा म्हणून जो तो कचेरीत रडत होता, त्यामुळे खरं रडणाऱ्यावरही विश्वास उरला नव्हता.

इतक्यात महादू आला. तो आमच्याच वाडीतला वायरमन. म्हणूनच भाटवाडीबद्दल त्याचं बोलणं कचेरीत कोणी धरत नसे. त्याने खिशातून एक कागद काढून माझ्या झाकणावर पसरला. उपग्रहाने संध्याकाळी साडेआठच्या सुमाराला वरून जाताना टिपलेलं ते चित्र होतं. वादळाआधी दिसणारे आणि आता न दिसणारे दिवे लाल रंगात दाखवले होते, अजून दिसणारे पांढऱ्या. जिथे लाल, तिथे खांबवाले आधी जाणार.

"आणि आमी?" काकीने विचारलं.

महादूने एका पांढऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "एका ठिपक्यात अख्खी वाडी मावता, काकी. घरा वेगळी दिसणत नाय."

काकीने ठिपक्याकडे बघितलं. मग मान वर करून दिव्यांकडे बघितलं. दिवसा ते विझलेले होते, पण तिने एकेक करून सहाही मोजले.

"जित्या," ती म्हणाली, "ह्यो ठिपको तुझो."

मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्याच धुराची लाज वाटली. वर्षानुवर्षं माझी तक्रार होती की माझ्याकडे कोणी बघत नाही. बघितलं ते आकाशातून, आणि माझ्यामुळे एक बाळंतीण तहानेली राहिली.

"मासळी रवांदे थंड," काकी म्हणाली. "दिवे तेवढे बंद कर."

"आणि डिझेल गेला तर?"

"कोण नेतलो?"

"ता ठावक असता तर दिवे कित्याक लावलंय असतंय?"

काकी पदर खोचून पिंपाशेजारी बसली. "आमी सगळी हय येवन बसतलों. एकामेकांवर नजर ठेवतलों. तू आमच्यावर ठेव."

जितेंद्रने काठी बुडवली, ओलीवर खूण केली आणि ती काखेत धरली.

पहिल्या संध्याकाळी ढग आले. ढगांतून उपग्रहाला काही दिसत नाही, असं महादू म्हणाला. दुसऱ्या संध्याकाळी आकाश स्वच्छ होतं. दिवे विझले. सारी वाडी काळोखात पिंपाभोवती बसून राहिली. ज्यांच्या घरात चोरण्यासारखं काही नव्हतं, तीही माणसं दुसऱ्याचं डिझेल राखत होती. एखादी चांदणी हलली की सगळे गप्प होत.

"ता इमान गो, उपग्रह नाय," काकी म्हणायची आणि पुन्हा कुजबुज सुरू व्हायची.

बाकीचे घरी गेल्यावर जितेंद्रने काठी बुडवली. ओल माझ्या खाण्यापुरतीच उतरली होती. त्याने पुन्हा बुडवली. तिसऱ्यांदा बुडवताना काकीने अंधारातून विचारलं, "काठी बदलूया काय रे?" तेव्हा कुठे तो हसला.

दोन दिवसांनी नवं चित्र आलं. आमचा ठिपका लाल झाला होता. आपली वाडी काळोखात आहे हे कागदावर बघून माणसं एवढी हरखलेली मी पहिल्यांदाच बघितली. खांबवाले आले, पंप सुरू झाला, आणि अक्षदाच्या दारातल्या नळाने आधी नुसती हवा फुंकली, मग पाणी सोडलं. काकी पायरीवर बसून गुडघ्यांना तेल चोळत ते बघत होती.

पण महादूने कचेरीच्या वहीतली नोंद सांगितली: भाटवाडी, वीज तीन दिवस बंद. ज्या संध्याकाळी आम्ही दिवे विझवले, त्या संध्याकाळपासून त्यांनी मोजलं होतं. त्याआधीचे अकरा दिवस कुठेच नव्हते.

वीज आली तशी माझी गरज संपली. माझ्यावर ताडपत्री आली, ताडपत्रीखाली गंज आला. तक्रार नाही. फक्त एक मागणं आहे. लांबून उजेड दिसला, तर सगळं ठीक आहे असं धरून चालू नका. तो कोणाचा, ते जवळ जाऊन विचारा. आणि कधी भाटवाडीला आलात, तर ताडपत्री उचलून माझ्या काचेवरचं मीठ पुसा. वादळाच्या दिवशीचा आकडा जितेंद्रने काचेशेजारी खरवडून ठेवलाय; तो वजा केलात, तर त्या चौदा दिवसांत मी तीनशे अकरा तास चाललो हे कळेल. आकडा अजून वाचता येतो.