चौकटीतला मी, अंधारातला मी

मित्रांनो, दचकू नका, पण मी तुमच्याशी एका बाईच्या आतून बोलतोय.

मी तिच्या पाठीतला एक जुना मणका. कमरेच्या जरा वरचा, वय वर्षं एकसष्ट. जन्मापासून मी उजेड पाहिलेला नाही. पण हाडांना ऐकू येतं बरं का! गाजर चावताना होणारा तो भलामोठा आवाज तुम्हाला आतूनच तर येतो. तसंच तिचं बोलणं, हसणं, तिची हातोडी, सगळं माझ्यापर्यंत पोचतं.

सुरुवातीला मी अगदी मऊ होतो. मग माझ्यात दोन टोळ्या कामाला लागल्या. एक बांधणाऱ्यांची, एक कुरतडणाऱ्यांची. कुरतडणारे जुनं हाड खातात, बांधणारे त्या जागी नवं भरतात. हे सगळं बिनबोभाट चालतं. आत्ता, या क्षणी, तुमच्या पाठीतही चालू आहे. हात लावून बघा. काहीच कळणार नाही. तीच तर गंमत आहे, आणि तीच भीतीही.

आमची बाई फोटोंना फ्रेमा करून देते. गल्लीत तिला सगळे ‘काचमावशी’ म्हणतात. दारापेक्षा उंच काचा तिनं आयुष्यभर एकटीनं उचलल्या. लोक तिच्या हातांचं कौतुक करायचे. पाठीला कोण विचारतंय! पण मी मनातल्या मनात खूश असायचो, कारण त्या काचेचा भार शेवटी माझ्यावरच यायचा आणि मी हूं की चूं करत नसे.

तिनं पन्नाशी ओलांडली आणि बांधणारे मंदावले. कुरतडणारे मात्र तस्सेच. वाळक्या पानावरून अळी चालावी तसा त्यांचा आवाज. चर्र, चर्र. थांबायचं नावच नाही.

मग एका सकाळी बाई खाली पडलेला खिळा उचलायला वाकली. नुसता खिळा! माझ्या वरच्या शेजाऱ्यात टक् असा आवाज झाला आणि तो बसला. आम्ही जन्मापासून एकमेकांना टेकून होतो. त्या दिवसापासून तो पाचरीसारखा तिरका होऊन माझ्यावर ओणवा आहे. बाईची उंची दोन बोटं कमी झाली.

हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी रोज एक सुई लिहून दिली. फ्रिजमध्ये पेनासारखी नळी ठेवायची आणि रोज सकाळी मांडीत टोचून घ्यायची. दोन वर्षं. आणि मित्रांनो, काय सांगू! बांधणारे डोळे चोळत उठले. माझ्या रिकाम्या खोल्या भरायला लागल्या, भिंती जाड झाल्या. मला परत भार पेलावासा वाटू लागला.

दोन वर्षांनी तपासणी झाली. रिपोर्ट झकास आला. खाली डॉक्टरीणबाईंनी हातानं एक ओळ लिहिली आणि बजावलंसुद्धा, “सुई संपली की पुढचं औषध ठरवायला लगेच या हं.” बाईनं “हो हो” म्हटलं. पण तिचं सगळं लक्ष त्या रिपोर्टातल्या माझ्या फोटोवर होतं.

आता ऐका तिनं काय केलं. तिच्या दुकानाचा एक नियम आहे. काच बसली की काम संपलं. मग ती फ्रेम पुन्हा उघडायची नाही, तिच्याबद्दल विचारही करायचा नाही. तर बाईनं त्या रिपोर्टाला सोनेरी फ्रेम केली! हातानं लिहिलेली ती ओळ फार वाकडी होती, चित्राची शोभा जात होती, म्हणून तिच्यावर सरळ पांढऱ्या पुठ्ठ्याची पट्टी बसवली. वर काच. मग दुकानाच्या भिंतीत खिळा ठोकला. ठक, ठक, ठक. प्रत्येक ठोका तिच्या हातातून माझ्यापर्यंत आला.

शेवटची सुई टोचून झाली आणि बांधणारे एकेक करून गप्प झाले. मी वाट पाहिली. पुढचं औषध येईल, उद्या येईल. आलं ते दुसरंच काही. चर्र.

बाहेर गिऱ्हाईकं म्हणायची, “वा काचमावशी, काय ठणठणीत पाठ!” आणि आत कुरतडणारे त्याच पाठीची ताजी भिंत खात होते. भिंतीवरचा मी जसाच्या तसा गुटगुटीत. अंधारातला मी रोज थोडा कमी. लोक त्याच्याकडे बघून खूश होत होते आणि मी त्याच्या मागे संपत होतो. असे सात महिने गेले.

एका रविवारी दुपारी तिची धाकटी बहीण आली. ती शाळेत गणित शिकवते आणि घरीही चुका काढते. बाई बोलता बोलता भिंतीला टेकवलेल्या मोठ्या काचेकडे निघाली होती.

“ताई, हे काय लावलंयस? लोक देखावे लावतात, तू सांगाडा लावलास!”

“माझी पाठ आहे ती. बघ तरी कशी भरलीय!”

“बघितली. आता औषध कोणतं चालू आहे?”

“कोणतंच नाही. कोर्स पुरा झाला.”

“आणि ही खालची पट्टी एवढी रुंद का? वरची तर अरुंद आहे.”

“खाली डॉक्टरांचं गिचमिड होतं काहीतरी. घाण दिसत होतं.”

“ताई, डॉक्टरांनी लिहिलेलं तू झाकलंस?”

बाई हसली आणि काचेला हात घातला. मला तो भार येताना कळला. मित्रांनो, मी पेलणार नव्हतो. मला पक्कं ठाऊक होतं आणि सांगायला काही साधन नव्हतं. वरच्या शेजाऱ्याचा तिरका भार माझ्यावर वाढला. काच जमिनीपासून सुटत होती.

मागे बहिणीनं फ्रेमचे खिळे पकडीनं उपटले होते. ती मोठ्यांदा वाचायला लागली, “सुई थांबताच पुढचे औषध सुरू करावे. नाहीतर नवीन हाड टिकणार नाही.” मग ओरडली, “ताई, ठेव ती काच! आधी ठेव!”

काच खाली टेकली. बाईनं फ्रेमजवळ येऊन ती वाकडी ओळ स्वतः वाचली. मग म्हणाली, “मीच झाकलं गं.”

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. नवी तपासणी पाहून म्हणाल्या, “थोडं गेलंय. सगळं नाही. आता ठरवू या. आठवड्याला एक गोळी आहे. उपाशीपोटी ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास ताठ राहायचं.”

“माझ्या घशाशी येतं हो. साध्या पाण्यानंही जळजळतं.”

“मग गोळी नको. दुसरं, दर सहा महिन्यांनी एक इंजेक्शन. चांगलं आहे, पण तारीख चुकवली तर हाड भराभर जातं. मणके एकामागून एक बसू शकतात.”

“हिला तारीख?” बहीण म्हणाली. “ही स्वतःचा वाढदिवस विसरते!”

“तिसरं, वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं औषध. आधी रक्त तपासून किडनी आणि कॅल्शियम बघू, क्वचित जबड्याला त्रास होतो म्हणून दातही दाखवून घ्या. पहिल्या खेपेला एकदोन दिवस ताप येऊ शकतो.”

“यातल्या कशानं नवीन हाड जागेवर राहील?” बाईनं विचारलं.

“तिन्हींनी. घेतलंत तर.”

बाईनं वर्षाचं निवडलं, आणि बहिणीला म्हणाली, “तारीख तू लक्षात ठेव. माझ्यावर विसंबू नकोस.” एवढं कबूल करणं तिला काचेपेक्षा जड गेलं असणार.

तपासण्या नीट आल्या आणि ते औषध थेंब थेंब उतरलं. दोन दिवस बाई तापानं कण्हत होती. पुढे कुरतडणारे एकेक करून थांबत गेले, घास तोंडात तसाच. चर्र विरळ झालं. मग शांत, इतकं शांत की मलाच भीती वाटली. ते गेलेले नाहीत. इथेच बसलेत, माझ्या शेजारी, अंधारात. गेलं ते सगळं परत येईल की नाही, मला माहीत नाही. उरलंय ते मी धरून आहे.

म्हणून मित्रांनो, एवढं करा. तुमच्या घरातल्या कुणाचं असं हाडं भरणारं औषध संपलं तर शाबासकी नंतर द्या. आधी विचारा, यानंतर कोणतं? उत्तर ‘काही नाही’ असं आलं, तर त्यांचा हात धरून डॉक्टरांकडे न्या. परवा नको, लगेच. कारण तुम्ही हे वाचत होतात तेवढ्या वेळात, कुठल्या तरी पाठीत, कुणीतरी एक घास घेतलाय.