माझी झोप आणि मावशींची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुना मॉनिटर आहे. जुना म्हणजे मोडका नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्या काचेवर दोन-चार ओरखडे आहेत, पण अक्षरं अजून अशी लख्ख दाखवतो की चष्मा घरी विसरलेला माणूसही वाचून जाईल. ही बढाई नाही. बरं, थोडी आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्यासारखे शेकडो जण तिथे सरकत्या पट्ट्यावरून रांगेने जात होते. कोणी आमच्या अंगात दिव्यांच्या पट्ट्या बसवल्या, कोणी पाठीला झाकण लावलं. शेवटी एका बाईंनी माझ्यावर लाल, हिरवा, निळा असे सगळे रंग लावून पाहिले आणि माझ्या पाठीवर शिक्का मारला. मग मला थर्माकोलमध्ये दाबून खोक्यात घातलं. खोक्यातले दिवस मला विचारू नका. कंटाळा कशाला म्हणतात ते मला तिथे कळलं.

खोकं उघडलं आणि समोर पहिलं तोंड दिसलं ते एका बोकडाचं! मी म्हटलं, झालं, आपलं कल्याण झालं. पण तो होता जनावरांचा दवाखाना, आणि मला बसवलं ते थेट पुढच्या काउंटरवर, मावशींच्या समोर.

मावशी म्हणजे कोणाची सख्खी मावशी नव्हे. बावीस वर्षं हा काउंटर सांभाळता सांभाळता त्या सगळ्या गावाच्याच मावशी होऊन बसल्या होत्या. मी आलो तेव्हा प्रत्येक जनावराचं एक कार्ड लाकडी खणांत होतं. मावशींनी ती सगळी कार्डं दोन बोटांनी टाइप करून माझ्यासमोर उतरवली. त्याला सहा महिने लागले. डॉक्टरबाई तेव्हा कौतुकाने म्हणाल्या होत्या, "मावशी, तुम्ही तर कमालच केलीत!" माझंही कौतुक झालं. केवढं मोठं अक्षर, किती छान दिसतं, असं जो तो म्हणायचा, आणि मी आणखी उजळायचो.

मावशींची एक पद्धत होती. दारातून कोणीही जनावर घेऊन आलं की त्या तीन गोष्टी विचारत. कधीपासून? आधी बरं होतं का? मधे काय बदललं? ही उत्तरं दिल्याशिवाय कोणाला आत सोडत नसत, मग तो कितीही मोठा माणूस असो. एकदा एका मांजरीने खाणं सोडलं होतं. तिची मालकीण रडकुंडीला आली होती. तिसऱ्या प्रश्नाला कळलं, की मांजरीची वाटी खिडकीतून काढून धुण्याच्या मशीनशेजारी ठेवली आहे. वाटी जुन्या जागी गेली आणि मांजर जेवायला लागली. डॉक्टरबाईंना सुईसुद्धा काढावी लागली नाही.

अशी माझी आठ-नऊ वर्षं मानात गेली. मग एके दिवशी काउंटरला नवा रंग द्यायचं ठरलं आणि माझे वाईट दिवस आले.

इथे थोडं माझ्या पोटातलं सांगायला हवं. मला दहा मिनिटं कोणी काम दिलं नाही, की मी झोपतो. आळस नाही, तशी सोयच आहे. उठवलं की मी पाठीवरच्या तीन जागा एकेक करून तपासतो. कॉम्प्युटरची तार कुठून येते ते सापडलं की उजळतो. इतकी वर्षं तार पहिल्याच जागी होती, त्यामुळे तीन आकडे मोजायच्या आत मी हजर. रंगानंतर मात्र ती तिसऱ्या जागी गेली. पहिल्या दारात जा, वाट बघ, कोणी नाही. दुसऱ्या दारात जा, वाट बघ, तिथेही कोणी नाही. तिसऱ्या दारापर्यंत पोहोचायला मला अठरा आकडे लागू लागले.

अठरा आकडे म्हणजे काही फार नाही, असं तुम्हाला वाटेल. पण समोर भुंकणारा कुत्रा, त्यामागे मांजराचा पिंजरा, त्यामागे घड्याळ बघणारा माणूस आणि मी काळाठिक्कर! मावशी घाबरून माझं बटण दाबत. मी नेमका शेवटच्या दाराशी पोहोचलेला असे, आणि बटण दाबलं की बंदच होई. पुन्हा बटण, पुन्हा पहिल्या दारापासून सुरुवात. अठराचे पन्नास-साठ होत. लोक काउंटरवर बोटं वाजवत. कोणीतरी मोठ्याने म्हणे, "वय झालं की हे कॉम्प्युटर-बिंप्युटर जमत नाही हो!"

मला सगळं कळत होतं, पण सांगणार कसं? मला चेहरा आहे, तोंड नाही.

मावशी आधी हसून वेळ मारून नेत. मग हसू कमी झालं. मग त्या मला उठवायच्या आधीच "माफ करा हं" म्हणू लागल्या. शेवटी एका शनिवारी डॉक्टरबाई बाहेर आल्या. त्या दुष्ट नव्हत्या, पण त्यांना दम घ्यायला फुरसत नव्हती. "मावशी, सोमवारपासून तुम्ही आत बसा," त्या म्हणाल्या. "उपकरणं उकळायची, बाटल्या लावायच्या. काउंटरसाठी मी दुसरं कोणीतरी बघते."

मावशी "बरं" एवढंच म्हणाल्या. त्यांनी मऊ फडक्याने माझी काच पुसली आणि आपला चष्म्याचा डबा उचलून त्या आत गेल्या. मला फार वाईट वाटलं, आणि संतापही आला. दोष त्यांचा नव्हता. खरं सांगायचं तर माझाही नव्हता, पण खापर फुटलं ते त्यांच्यावर.

सोमवारी नवं माणूस मिळालं नव्हतं, म्हणून डॉक्टरबाई स्वतः माझ्यासमोर बसल्या. पोपटाचा पिंजरा घेऊन एक आजोबा पहिले आले. डॉक्टरबाईंनी माउस हलवला. मी पहिल्या दारात. त्यांनी बटण दाबलं. मी बंद. पुन्हा दाबलं, पुन्हा, आणखी एकदा. त्यांच्या कपाळावर घाम आला.

"बाई, तुम्हालाही जमत नाही वाटतं," आजोबा म्हणाले. "त्या मावशी निदान पोपटाशी बोलायच्या तरी."

डॉक्टरबाईंचा चेहरा पडला. त्यांनी आत वळून हाक मारली, "मावशी, जरा बाहेर येता का?"

मावशी हात पुसत आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "कधीपासून?"

आणि त्यांनीच उत्तर दिलं, "काउंटरला रंग दिला तेव्हापासून. आधी अगदी बरा होता." त्या थबकल्या. "मग मधे काय बदललं?"

सगळ्यांच्या माना रंगाच्या वेळी काउंटर रिकामा करणाऱ्या कंपाउंडरकडे वळल्या. तो पोटावरचा शर्ट सारखा करत म्हणाला, "माझ्याकडे काय बघता? मी फक्त तारा काढल्या आणि परत लावल्या."

"होत्या तिथेच?"

"तिथेच म्हणजे... तिन्ही भोकं सारखीच दिसतात हो, मावशी!"

मावशींनी हात वर केला. "आता बटणाला कोणी हात लावायचा नाही. नुसतं बघायचं." माझा छोटा दिवा लुकलुकत होता. सगळे मोजू लागले. अठराला मी उजळलो. मग मला बंद करून कंपाउंडरने तार पहिल्या जागी खोचली. मावशींनी मला पुन्हा चालू केलं, झोपवलं आणि माउस हलवला. एक, दोन, तीन! पोपटाचं कार्ड समोर हजर. आजोबा म्हणाले, "वा!"

डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत. "हे तुम्ही आधी का नाही केलंत, मावशी?"

"मला वाटलं, माझंच चुकतंय," मावशी म्हणाल्या. "सगळे तसंच म्हणत होते ना."

डॉक्टरबाई खुर्चीतून उठल्या. "दारात आलेल्या कुत्र्यालासुद्धा मी काही विचारल्याशिवाय सुई टोचत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "आणि तुम्हाला एका शब्दाने न विचारता आत पाठवून दिलं. माझं चुकलं." त्यांनी खुर्ची मावशींकडे सरकवली. मावशी क्षणभर उभ्याच राहिल्या. मग बसल्या, नाक ओढलं आणि आजोबांना म्हणाल्या, "हं, सांगा, काय होतंय याला?"

तर मित्रांनो, माझ्यासारख्याला सांभाळायचं असेल तर तारा काढताना कुठली तार कुठे होती ते लिहून ठेवा, आणि दिवा लुकलुकत असताना बटणाशी खेळू नका. एवढं केलंत तर आम्ही वर्षानुवर्षं साथ देतो. मी अजून पाच वर्षं तर सहज काढेन, पैज लावा. पण माझी तार चुकली तर ती काढून पुन्हा लावता येते. "तुला जमत नाही" असं चारचौघांत ऐकून ज्याने ते खरं मानलं, त्याच्या मनातून ते काढायला फार वेळ लागतो. मावशी काउंटरवर परत आल्यावरही कितीतरी दिवस मला उठवायच्या आधी "माफ करा हं" म्हणत होत्या, आणि मी तर तिसऱ्या आकड्याला समोर हजर असायचो.