एक दिवसाआड

मी एक जुनी ब्रेल पाटी आहे, मित्रांनो. पितळेच्या दोन पट्ट्या आणि एका टोकाला बिजागरी, एवढेच माझे अंग. वरच्या पट्टीत चौकोनी खिडक्या, खालच्या पट्टीत प्रत्येक खिडकीखाली सहा खळगे. मध्ये जाड कागद धरायचा आणि टोचणीने टिंबे दाबायची. कागद उलटला की टिंबे वर येतात आणि ज्यांना दिसत नाही ते बोटांनी वाचतात.

ज्या कारागिराने मला घडवले त्याने माझ्या कडा फार निगुतीने घासल्या, कारण मी एका सात वर्षांच्या मुलीच्या हाती जाणार होते. ती मुलगी मोठी झाली आणि ब्रेल छापखान्यात मुद्रितशोधक झाली. सगळे तिला ताई म्हणत. समोर तिचा धाकटा भाऊ बसे. त्याला दिसत असे. सहा फूट उंच गडी, तरी त्याचे नाव बारक्याच राहिले. मूळ पुस्तक तो मोठ्याने वाचे, ताई छापलेल्या पानावरून बोट फिरवी आणि चूक सापडली की माझ्यावर टोचून ठेवी. विरामचिन्हे म्हणून म्हणून बारक्याला खोडच लागली होती. "ताई, स्वल्पविराम, जेवायला चल, पूर्णविराम," असे तो म्हणे आणि यंत्र चालवणारे काका पोट धरून हसत.

ताईच्या बोटांचे फार कौतुक होई. तीनशे पानांच्या भूगोलात एक टिंब कमी पडले होते, तेही तिने पकडले. तेव्हा माझीही मान ताठ झाली.

चाळिशीत ताईच्या रक्तात हिपॅटायटिस बी निघाला. हा यकृताचा आजार. बहुधा जन्मतःच आईकडून आलेला. दवाखान्याने तिला औषधाचे कार्ड दिले आणि दर महिन्याला तीस गोळ्यांची बाटली मिळू लागली. डॉक्टरबाईंनी बजावले की ही गोळी विषाणूला मारत नाही, दाबून ठेवते, म्हणून एकही दिवस चुकवायचा नाही.

बातमी छापखान्यात फुटली. दुसऱ्या दिवशी ताईचा पेला सगळ्यांच्या पेल्यांतून उचलून खिडकीत ठेवलेला होता. एकत्र खाण्यापिण्याने हा आजार लागत नाही, पण ऐकतो कोण? काकांनी तो पेला परत जागेवर आणला. संध्याकाळी तो पुन्हा खिडकीत होता.

बारक्याने हे सारे पाहिले. त्याने दूरच्या एका ठिकाणी जाऊन गुपचूप तपासणी करून घेतली. त्यालाही तेच निघाले. कार्ड काढले तर बोभाटा होईल, या धास्तीने त्याने ते काढलेच नाही. त्याने फक्त ताईला सांगितले.

"माझी बाटली आहे ना," ती म्हणाली. "दोघं मिळून घेऊ. एक दिवसाआड."

पाळी कुणाची हे विसरू नये म्हणून दर आठवड्याला ती माझ्यावर कागदाची एक पट्टी टोचू लागली. मी, तू, मी, तू. बहिणीची ही माया माझ्या खिडक्यांतून उमटते आहे, याचा मला अभिमान वाटे. मी पडले पितळ, मला काय कळणार!

अडीच वर्षे दोघांनाही काही झाले नाही. मग ताईच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या, त्यानंतर बोटांना. एके सकाळी ती काकांवर वैतागली, की यंत्र टिंबे उथळ पाडते आहे, अक्षर लागत नाही. काकांनी यंत्र थांबवले. पानावरून स्वतःचा अंगठा फिरवला. मग तिच्या शेजारी येऊन ते हळूच म्हणाले, "ताई, टिंबं चांगली उठलीत गं."

दवाखान्यात मी तिच्या पिशवीत होते. तिचे रक्त घेतले, पाठीतून पाणी काढले. विषाणू दोन्हींत सापडला. शरीर त्याच्याशी झगडत असताना मज्जातंतूंना रक्त पुरवणाऱ्या बारीक नळ्या सुजल्या होत्या, आणि तो जुन्या गोळीला आता दाद देत नव्हता. तुम्ही गोळ्या रोज घेत होता ना, असे डॉक्टरबाईंनी विचारले. ताईने खरे ते सांगितले.

"अर्ध्या औषधानं तो दबला नाही. त्यातून निसटायला शिकला," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग त्यांनी चष्मा काढून ठेवला. "भावाला इकडे आणायचं होतं. त्याच दिवशी कार्ड दिलं असतं मी. कुणाला कळलंही नसतं."

बारक्याला आणले तेव्हा त्याचे पोट पाण्याने फुगले होते. नवी गोळी सुरू झाली, पण यकृत हाताबाहेर गेले होते. दोन महिन्यांत तो गेला.

ताईचे रक्त नव्या गोळीने सुधारले. बोटे सुधारली नाहीत. छापखान्यातली तिची खुर्ची दुसऱ्या कुणाला मिळाली. घरी तिने मनगटाने वाचून पाहिले, ओठांनी वाचून पाहिले. शब्दाला पाच-पाच मिनिटे लागू लागली, तसे तिने पान सारून दिले.

एका दुपारी तिने माझ्यात कागद अडकवला. टोचणी मुठीत धरून ती तास दीड तास टोचत राहिली. भावाला पत्र होते ते. बोटांची जाण गेली तरी हाताला वळण आठवत होते, एकही अक्षर चुकले नाही. तिने कागद काढला, उलटला, त्यावरून बोट फिरवले. पुन्हा फिरवले.

"कोरं आहे का हे?" तिने विचारले. घरात कुणीच नव्हते. पान तर गच्च भरलेले होते.

त्यानंतर मी कपाटात पडून आहे. मित्रांनो, माझ्या पितळेला चढलेला हिरवा थर कुणी पुसला नाही तरी चालेल. पण तुमच्या घरात कुणाला रोजची गोळी असेल, तर ती त्याची त्यालाच, रोज घेऊ द्या. ज्याच्याकडे नसेल त्याचा हात धरून त्याला दवाखान्यात न्या. आणि कुणाचाही पेला उचलून खिडकीत ठेवू नका.